लवादापुढें हरल्यावर

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घरांतून इतक्या वेळां ऐकूं येते कीं, मुलांस ती निराळी शिकवावी लागत नाहीं. परंतु ही म्हण पायरीपाशीं उभ्या असलेल्या मनुष्यासाठीं आहे. जो स्वतःचा कांहीं अपराध नसतां रस्त्यावर जखमी झाला, भरपाईसाठीं नाइलाजानें ती पायरी चढला, आणि वर बसलेल्या पंचानें ज्याला रित्या हातीं परत पाठविलें, त्यानें पुढें काय करावें याविषयीं आमच्या ऐकिवांत एकही म्हण नाहीं. अशा मनुष्यास घरांतून दोनच उपदेश मिळतात. कोणी म्हणतो, "सोडून दे, नशिबांत नव्हतें." कोणी म्हणतो, "वरच्या कोर्टांत खेच, शेवटपर्यंत लढ." दोन्ही उपदेश प्रेमानेंच केलेले असतात, आणि दोन्ही करणाऱ्यांनीं निवाड्याचा कागद बहुधा वाचलेला नसतो.

आमच्या कुटुंबावर असा प्रसंग आला, आणि त्या निमित्तानें आम्हांस या विषयाचें थोडेंबहुत अध्ययन करावें लागलें. आम्ही कायदेपंडित नव्हे. उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. इंग्रजी म्हणाल तर जुन्या मॅट्रिकापुरतें. तथापि ज्यांचीं मुलें आज परदेशीं आहेत अशीं घरें आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. आणि ज्या घरांतील एकही मनुष्य रस्त्यावर वाहन चालवीत नाहीं असें घर तर आतां शोधूनही सांपडावयाचें नाहीं. म्हणून आम्हांस जें कळलें तें येथें सांगत आहों.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, एडिसन गांवाजवळ, राहतो. तांबड्या दिव्यापाशीं त्याची गाडी उभी असतां मागून आलेल्या मोटारीनें तीस धडक दिली. प्राण वाचले, परंतु मान आणि डावा खांदा यांस असा हिसका बसला कीं, पुढें कित्येक महिने हात खांद्याच्या वर जाईना. घरीं तीन वर्षांची मुलगी. तिला कडेवर घ्यावयाचें म्हटलें तरी बाप दांतओठ खाई. चूक कोणाची याविषयीं वाद नव्हता. औषधोपचाराचा खर्चही त्याच्या स्वतःच्याच विमा कंपनीनें दिला. कारण अपघातांत चूक कोणाचीही असो, उपचाराचा खर्च प्रथम ज्याच्या त्याच्या विम्यांतून व्हावा, अशी त्या राज्याची पद्धत आहे. वाद होता तो सोसलेल्या दुःखाच्या भरपाईचा. त्यासाठीं त्यानें धडक देणाऱ्यावर दावा लावला, आणि तेथील नियमाप्रमाणें कोर्टानें तो दावा प्रथम लवादाकडे पाठविला. लवाद म्हणजे एक अनुभवी वकील. त्यानें एका सकाळीं दोन्हीकडील कागद पाहिले, पुतण्याची हकीगत ऐकली आणि निवाडा दिला: चूक धडक देणाऱ्याचीच, परंतु भरपाई शून्य.

ही बातमी आली तेव्हां इकडे घरांत सुतक पडल्यासारखें झालें. बंधु गप्प बसले. वहिनींनीं नवस बोलला. रात्रीं पुतण्याचा फोन आला. "काका, चूक त्याचीच म्हणतात आणि मला कांहींच द्यावयाचें नाहीं म्हणतात. हा कुठला न्याय?" आम्ही म्हणालों, "न्याय कुठला तें मागाहून पाहूं. तूं आधीं निवाड्याचा कागद पाठव, आणि त्यावर तारीख कोणती आहे तें सांग." शिक्षकाच्या धंद्यांत एक गोष्ट अंगवळणीं पडते. मुलगा नापास झाला म्हणून रडत आला, तर प्रथम गुणपत्रक पाहावयाचें.

कागद आला. आमचे एक वकीलस्नेही आणि आम्ही असे दोघे दोन संध्याकाळीं तो घेऊन बसलों. त्यांत जें निघालें तें निवाड्यापेक्षांही शिकण्यासारखें होतें. १९९८ सालच्या कायद्याप्रमाणें न्यू जर्सींत मोटारीचा विमा उतरवितांना दोहोंपैकीं एक पर्याय निवडावा लागतो. एकांत हप्ता अधिक. परंतु कोणत्याही दुखापतीबद्दल दुःखाची भरपाई मागण्याची मोकळीक. दुसऱ्यांत हप्ता कमी. पण मृत्यु, अवयवच्छेद, ठळक विद्रूपता अथवा व्रण, मोडलेलें हाड जागेवरून सरकणें, गर्भनाश, किंवा कायमची इजा, या सहांपैकीं एक गोष्ट सिद्ध झाल्याखेरीज दुःखाची भरपाई मिळत नाहीं. कायमची इजा याचाही अर्थ ठरलेला आहे: तो अवयव पूर्ववत् काम करीत नाहीं, आणि पुढील उपचारांनींही करणार नाहीं, असें वैद्यकीय पुराव्यानें दिसलें पाहिजे. चिरंजीवांनीं विमा उतरवितांना स्वस्त पर्यायाच्या चौकोनांत खूण केली होती. चार डॉलर वांचले. खुणेचा अर्थ कोणी विचारला नाहीं, कोणी सांगितला नाहीं. लवादानें लिहिलें होतें तें इतकेंच कीं, इजा झाली हें खरें, परंतु ती कायमची आहे असें दाखविणारा पुरावा पुरेसा वाटत नाहीं.

म्हणजे निवाडा अन्यायाचा नव्हता, लहरीचाही नव्हता. तो एका प्रश्नावर अडला होता. आणि ज्या प्रश्नावर निवाडा अडतो तो प्रश्न नीट कळल्यावांचून पुढचें पाऊल टाकणें म्हणजे अंधारांत जिना उतरणें होय.

आतां मुख्य गोष्ट. लवाद हा शब्द एक. परंतु त्याखालीं दोन अगदीं भिन्न वस्तु नांदतात, आणि हरलेल्या मनुष्याचें पुढील सर्व भवितव्य त्याचा लवाद या दोहोंपैकीं कोणता होता यावर अवलंबून असतें.

पहिला लवाद कोर्टाच्या हुकुमानें बसतो. दावे तुंबूं नयेत, लहान तंटे थोडक्यांत मिटावे, म्हणून कायदा वादीप्रतिवादींस सांगतो कीं, आधीं याच्याकडे जा. तुम्ही तेथें आपखुषीनें गेलेले नसतां. म्हणून त्याचा निवाडा तुम्हांस कायमचा बांधीतही नाहीं. अमेरिकेंत ज्युरीपुढें न्याय मागणें हा नागरिकाचा मोठा हक्क समजला जातो. तो हक्क बळेंच काढून घेतां येत नाहीं, म्हणून अशा लवादाचा निवाडा ज्यास अमान्य असेल त्यास संपूर्ण नवा खटला मागतां येतो. हें अपील नव्हे. अपिलांत खालच्यानें काय चूक केली तें पाहतात; येथें पाटी पुसून पहिल्या ओळीपासून लिहावयाची असते. लवादानें काय ठरविलें होतें हें ज्युरीस पुरावा म्हणून सांगतांही येत नाहीं.

दुसरा लवाद पक्षकारांच्या संमतीनें बसतो. विम्याच्या करारांत, नोकरीच्या करारांत किंवा तंटा उद्‌भवल्यावर स्वतंत्र लेख करून दोघांनीं लिहून दिलेलें असतें कीं, हा सांगेल तें आम्हांस मान्य. येथें निवाड्याचें बळ कोर्टाचें नसून तुमच्याच शब्दाचें असतें. पेशवाईंत पंचायतीपुढें वाद नेतांना वादी व प्रतिवादी यांजकडून राजीनामा लिहून घेत. आज राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. तेव्हां तो पंचांचा निर्णय आम्ही पाळूं असा संमतीचा लेख होता. 'राजी' हाच त्या शब्दांतील जीव. जो राजी झाला, त्यास मागाहून नाराज होण्यास फार थोडी जागा उरते.

अशा संमतीच्या लवादापुढें हरलेल्यास अमेरिकेंत काय करतां येतें तें आधीं सांगून टाकतों, म्हणजे पुतण्याची गोष्ट पुढें नेतां येईल. तेथील १९२५ सालच्या केंद्रीय लवाद कायद्याप्रमाणें निवाडा रद्द करण्याचीं कारणें बोटांवर मोजण्याजोगीं आहेत: लांचलुचपत किंवा कपट करून निवाडा मिळविला, लवादाचा पक्षपात उघड दिसला, त्यानें महत्त्वाचा पुरावा ऐकण्याचें नाकारण्यासारखें गैरवर्तन केलें, किंवा दिलेल्या अधिकाराबाहेर तो गेला. यासाठीं निवाडा हातीं आल्यापासून तीन महिन्यांच्या आंत दुसऱ्या पक्षास नोटीस पोंचावी लागते. आंकड्यांच्या बेरजेंत ढळढळीत चूक असल्यास ती दुरुस्त करून मागतां येते. पण "लवादानें कायद्याचा अर्थ चुकीचा लावला" किंवा "माझ्या डॉक्टरपेक्षां त्यांच्या डॉक्टरवर विश्वास ठेवला" एवढें कारण पुरत नाहीं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें तर १९९२ सालीं स्पष्टच सांगितलें कीं, निवाड्याच्या तोंडावर कायद्याची चूक दिसत असली आणि तिच्यामुळें मोठा अन्याय होत असला, तरी सामान्यतः तेवढ्यानें निवाडा फिरत नाहीं. ऐकावयास हें कठोर वाटतें. परंतु शब्द दिल्यावर तो मोडण्याची सोय ठेवली तर शब्दास अर्थ काय राहिला?

सुदैवानें पुतण्याचा लवाद पहिल्या जातीचा होता. तेव्हां दार उघडें होतें. पण तें किती वेळ उघडें राहणार, हाच प्रश्न होता. न्यू जर्सींत निवाडा कोर्टांत दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आंत नव्या खटल्याची मागणी दाखल करावी लागते, ती विरुद्ध पक्षास पोंचवावी लागते, आणि २०० डॉलर फी भरावी लागते. ३१ व्या दिवशीं दार बंद. उशीर माफ होण्यास असाधारण कारण लागतें. आणि वकिलाच्या कचेरींतील दुर्लक्ष हें असाधारण कारण नव्हे, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं ठरविलें आहे. ही मुदत राज्याराज्यांतून बदलते. शेजारच्या पेनसिल्व्हानियांत कोर्टाच्या लवादाविरुद्ध अपिलास ३० दिवस आहेत. कॅलिफोर्नियांत २०१२ पासून ६० दिवस आहेत. म्हणून एका राज्यांतील मित्राचा अनुभव दुसऱ्या राज्यांतील मनुष्यास लागूं पडेलच असें नाहीं. आणखी एक गोष्ट: ही मागणी हरलेल्याप्रमाणें जिंकलेल्यालाही करतां येते, आणि त्याच्या प्रतिपक्षालाही. यास्तव लवादापुढें चांगली रक्कम मिळाली तरी महिनाभर पेढे वांटण्याची घाई करूं नये.

दार उघडें आहे म्हणून त्यांतून गेलेंच पाहिजे असें नव्हे. येथें आम्हांस आमचा जुना अभ्यास आठवला. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत कुल, श्रेणी, पूग आणि राजानें नेमलेले अधिकारी अशी न्याय पाहणाऱ्यांची चढती परंपरा सांगितली आहे. खालच्याचा निर्णय न पटल्यास वरच्याकडे जातां येतें, असा तिचा अर्थ मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें लाविला आहे. म्हणजे पुन्हा दाद मागण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. परंतु त्याच स्मृतींत दुसरीही गोष्ट आहे. न्यायानें हरलेला असूनही आपण हरलोंच नाहीं असें मानून जो पुन्हा येतो आणि पुन्हा हरतो, त्याजकडून दुप्पट दंड घ्यावा. पुन्हा दाद मागण्याची मुभा आणि व्यर्थ दाद मागण्याचा दंड हीं दोन्ही एकाच हातानें दिलेलीं आहेत.

न्यू जर्सीच्या नियमांत हाच विचार निराळ्या वेषांत दिसून आम्हांस मौज वाटली. लवादानें कांहीं रक्कम दिली असेल आणि ती नाकारून तुम्ही नवा खटला मागितलात, तर ज्युरीकडून ती निदान २० टक्के अधिक मिळाली पाहिजे. नाहीं तर विरुद्ध पक्षाचा कांहीं खर्च तुमच्या माथीं बसूं शकतो. लवादानें २०,००० डॉलर दिले असतील, तर ज्युरीनें २४,००० दिले तरच तुम्ही सुटलांत. या खर्चास मर्यादा आहे: वकिलाचा ७५० डॉलरपर्यंत आणि साक्षीदारांचा ५०० डॉलरपर्यंत. लवादानें शून्य दिलें असेल, तर ज्युरीनें २५० डॉलर दिले तरी दंड चुकतो. पुतण्याचा निवाडा शून्याचा. म्हणून त्याला दंडाची भीति थोडी. पण खरा खर्च दंडाचा नव्हताच. लवादापुढें डॉक्टरचा कागद चालतो. ज्युरीपुढें डॉक्टरची साक्ष व्हावी लागते, आणि तेथील तज्ज्ञ डॉक्टरच्या साक्षीस हजारों डॉलर पडतात. वकिलाची फी वसुलीच्या सामान्यतः एक तृतीयांश; वसुली झाली नाहीं तर फी नाहीं. परंतु हरल्यास साक्षींचा व कागदांचा खर्च कोणीं सोसावयाचा, हें वकिलाशीं झालेल्या करारांत पाहावें लागतें.

याप्रमाणें हिशेब मांडून झाल्यावर एका रविवारीं दोन्हीकडचीं माणसें फोनवर एकत्र बसलीं. बंधूंचें म्हणणें, "पोरगा वाचला यांत सगळें आलें. आतां कोर्टाचें नांव नको." वहिनींस वाटे, हात दुखतो आहे तोंवर गप्प बसणें म्हणजे दुखत नाहीं असें कबूल करणें. पुतण्या म्हणे, "पैशाचा प्रश्न नाहीं, तत्त्वाचा आहे." हें वाक्य ऐकलें कीं आम्हांस नेहमीं भीति वाटते, कारण तत्त्वाच्या खटल्यांत खर्चाचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. सर्वांत शहाणा प्रश्न सूनबाईंनीं विचारला. त्या म्हणाल्या, "अण्णाकाका, हें सगळें किती दिवस चालेल, आणि हरलों तर घरांतून किती जाईल, एवढें वकिलांना लिहून द्यावयास सांगा. तें पाहून मग आपण तत्त्वाचें बोलूं."

वकिलांनीं लिहून दिलें. त्यांत एक महत्त्वाची गोष्ट होती. उपचार करणाऱ्या डॉक्टरनें खांद्याचें व मानेचें जें चुंबकीय चित्र काढलें होतें त्यावरून इजा कायमची आहे असें त्याचें स्पष्ट मत होतें, आणि तो साक्षीस येण्यास तयार होता. लवादानें त्याचें टिपण वाचलें होतें. त्याचें तोंडी विवेचन ऐकलें नव्हतें. म्हणजे ज्या एका प्रश्नावर निवाडा अडला होता त्याच प्रश्नावर सांगण्यासारखें कांहीं उरलें होतें. तें नसतें, तर आम्हीं स्वतः त्यास थांबण्याचा सल्ला दिला असता. हरल्याचें दुःख हें पुन्हा लढण्याचें कारण नव्हे. मागें ऐकली न गेलेली एखादी खरी गोष्ट हातीं असणें, हें कारण होय.

२२ व्या दिवशीं मागणी दाखल झाली. पुढें ज्युरी बसण्यापूर्वींच विरुद्ध पक्षाच्या विमा कंपनीनें बोलणें लावलें आणि समेट झाला. मिळालेली रक्कम पुतण्यानें मनांत धरली होती त्याहून कमी आणि शून्याहून पुष्कळ अधिक होती. वकिलाचा तिसरा हिस्सा आणि खर्च वजा जातां जें उरलें तें त्यानें मुलीच्या शिक्षणासाठीं ठेविलें. डावा हात अजून पुरता वर जात नाहीं. तो भरून देणें कोणत्याही ज्युरीच्या हातीं नव्हतें. विम्याचें नूतनीकरण आलें तेव्हां मात्र चिरंजीवांनीं तो चौकोन दोनदां वाचला, आणि हप्ता वाढला तरी दुसरा पर्याय घेतला.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ही अमेरिकेची कथा झाली. आम्हांस तिचा उपयोग काय? उपयोग आहे. कायद्याचीं नांवें बदलतात. हुकुमाचा निवाडा आणि संमतीचा निवाडा हा भेद आपल्याकडेही तसाच आहे, आणि येथेंही तो न कळल्यानें माणसें फसतात.

आपल्याकडे वाहनानें झालेल्या दुखापतीचा दावा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें चालतो. तेथें दावा फेटाळला गेला किंवा भरपाई अपुरी वाटली, तर ९० दिवसांच्या आंत उच्च न्यायालयांत अपील करतां येतें. पुरेसें कारण दाखविल्यास उशीरही माफ होऊं शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वादाची रक्कम एक लाख रुपयांहून कमी असल्यास अपील चालत नाहीं. ज्यास पैसे द्यावयाचे आहेत त्यानें अपील केलें, तर त्यास २५,००० रुपये किंवा ठरलेल्या रकमेचा अर्धा भाग, यांतील जें कमी तें आधीं भरावें लागतें. न्यायाधिकरणापुढें तुम्ही कायद्यानें गेलेले असतां. म्हणून वरचें दार उघडें आहे.

लोक अदालतीची गोष्ट निराळी. तेथें अपघाताचे पुष्कळ दावे एका दिवसांत निकालीं निघतात, कोर्ट फी भरली असल्यास ती परत मिळते, आणि वर्षानुवर्षें हेलपाटे घालणाऱ्या मनुष्यास तो मोठा दिलासा असतो. आम्ही लोक अदालतीच्या विरुद्ध मुळींच नाहीं. परंतु लोक अदालत ही आपण होऊन निकाल देत नाहीं. ती तुमच्यांत समेट घडविते, आणि समेट न झाल्यास प्रकरण पुन्हा कोर्टाकडे जातें. समेट झाला व तुम्ही सही केली, कीं १९८७ च्या विधिसेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें तो निवाडा अंतिम होतो आणि त्यावर कोठेंही अपील चालत नाहीं. उच्च न्यायालयाच्या विशेष अधिकारांत अर्ज करतां येतो. पण त्यास फारच थोडीं कारणें चालतात, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं सांगितलें आहे. पुष्कळ माणसें तेथें सही करून घरीं येतात, घरीं कोणी "एवढ्यावर कसे राजी झालांत?" म्हणून विचारतो, आणि मग तीं वकिलाकडे अपिलाची चौकशी करावयास जातात. तो प्रश्न सही करण्यापूर्वीं घरांत विचारला गेला पाहिजे होता.

तिसरा प्रकार करारांतील लवादाचा. कोणत्याही करारांत लवादाचें कलम असेल आणि त्याप्रमाणें निवाडा झाला असेल, तर १९९६ च्या लवाद व समेट कायद्याप्रमाणें तो रद्द करून मागण्यास तीन महिने मिळतात. पुरेसें कारण असल्यास आणखी ३० दिवस. त्यापुढें एक दिवसही नाहीं. हिशेबाची किंवा लेखनाची चूक दुरुस्त करून घ्यावयाची असल्यास लवादाकडेच ३० दिवसांच्या आंत अर्ज करावा लागतो. पुरावा पुन्हा तोलून पाहण्याचें काम कोर्ट करीत नाहीं. बरींच वर्षें असेंही समजलें जाई कीं, कोर्टानें निवाडा ठेवावा किंवा रद्द करावा, त्यांत बदल करूं नये. २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें मर्यादित बदलाचा अधिकार मान्य केला. तरीही मूळ तत्त्व तेंच आहे. ज्यास आपण पंच मानलें, त्याचा शब्द सहसा मोडत नाहीं.

हें सारें पाहिल्यावर आमच्या मनांत जो विचार राहिला तो असा. आपण समजतों कीं, खटल्याचा निकाल न्यायाधीशाच्या किंवा लवादाच्या लेखणीनें लागतो. पुष्कळदां त्याचा अर्धा भाग त्याआधीं कित्येक महिने, कधीं कित्येक वर्षें, आपल्याच सहीनें लागून गेलेला असतो: विम्याच्या अर्जावर, कराराच्या बारीक टाइपांत, तडजोडीच्या कागदावर. वडिलार्जित जमिनीच्या कागदावर सही करतांना आपण चारचौघांस बोलावतों, चष्मा पुसतों, दोन दिवस मागून घेतों. विम्याच्या कागदावर मात्र दारांत उभ्या उभ्या सही करतों. वास्तविक दुसऱ्या कागदावर आपला हात, आपली मान, आपला कमावता मुलगा लिहिलेला असतो.

म्हणून ज्या घरावर असा प्रसंग आला असेल त्यांस आमचें इतकेंच सांगणें आहे. निवाडा विरुद्ध गेला तर त्याच दिवशीं त्यावरील तारीख पंचांगाच्या पानावर लिहून ठेवा. कागद संपूर्ण वाचा, आणि तो कोणत्या प्रश्नावर अडला तें एका वाक्यांत सांगतां येईल इतका समजून घ्या. हा लवाद हुकुमाचा होता कीं संमतीचा, हें वकिलास पहिल्याच भेटींत विचारा. कारण दार आहे किंवा नाहीं हें त्या उत्तरानें ठरतें. दार असेल, तर त्यांतून नेण्यासारखें नवें कांहीं हातीं आहे का, आणि हरल्यास घरांतून काय जाईल, हें जमाखर्चाच्या वहींत मांडून पाहा. एवढें केल्यावर लढणें निघालें तर निश्चिंत मनानें लढा. थांबणें निघालें तर तितक्याच निश्चिंत मनानें थांबा, आणि मग घरांतील कोणीही त्या जखमी मनुष्यास "तूं लढला नाहींस" किंवा "तूं उगीच लढलास" असें पुन्हा कधीं म्हणूं नये. त्याच्या अंगावरची जखम वैद्य पाहील. हा दुसरा घाव मात्र घरच्याच माणसांच्या जिभेनें होतो, आणि त्याची भरपाई कोणत्याही कोर्टांत मागतां येत नाहीं.